ताईचं घड्याळ
मस्कतच्या मत्राह बंदरात जहाजाचा भोंगा वाजला की मी अजून आधी घड्याळ बघतो. काही वर्षांपूर्वी ताई आणि भावोजी मुंबईहून क्रूझने निघून एका दिवसासाठी मस्कतला उतरले होते. मी इथला मुरलेला माणूस, त्यामुळे फाटकापासूनच माझं प्रवचन सुरू झालं: टॅक्सीचं भाडं आधी ठरवा, पर्स पुढे धरा, पाणी पीत राहा. "आणि ताई, घड्याळ दीड तास मागे कर, इथे इथली वेळ." "अरे, पण जहाजावर साडेपाचला या म्हणालेत." "मग साडेपाचच्या आत पोचवतो की." बाजारात लोबानाच्या धुरात ताईने मनसोक्त घासाघीस केली. मग, जेवल्याशिवाय कसं सोडायचं, म्हणून दोघांना जवळच दार्सैतला माझ्या घरी नेलं. सुरमई, सोलकढी, वर भावोजींची डुलकी. साडेचारला, चांगला तासभर आधी, ऐटीत बंदरावर पोचलो, तर जहाज धक्का सोडून निघालेलं. फाटकावरचा पोलीस शांतपणे म्हणाला, "खलास. जहाज का टाइम, इंडिया का टाइम." भावोजींची साखरेची औषधं, दोघांचे कपडे, सगळं डोळ्यांदेखत दूर जात होतं आणि मी नुसता हात हलवत उभा होतो, जणू रिक्षाच थांबवतोय. "पर्स मात्र सुरक्षित आहे," भावोजी म्हणाले. ताईने माझ्याकडे न बघता मनगटावरचे काटे दीड तास पुढे केले. आता फोनवर ती मला सगळं विचारते, फक्त तिकडे किती वाजले ते विचारत नाही.