द्राक्षांच्या गावात कांदळ

आमच्या गावाहून समुद्र बघायचा तर घाट उतरून अर्धा दिवस गाडीत बसावं लागतं. तरी गेल्या वर्षी आमच्या घरामागे रोज भरती यायची. तिचा चंद्राशी काही संबंध नव्हता. वीज आली की भरती, वीज गेली की ओहोटी. पाणी उतरायचं अडलं तर ओहोटी बादलीने करायची, आणि ते काम माझं, कारण मी या घरची थोरली सून.

हा उद्योग सासऱ्यांचा. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. नाशिकजवळ आमची द्राक्षाच्या रोपांची नर्सरी आहे, आणि आपण खुंटी रोवली तरी तिला पान फुटेल अशी आबांची पक्की खात्री आहे. ती खात्री आम्ही रोज जेवताना ऐकतो.

निमित्त झालं नणंदेचं. तिला कोकणात दिलंय, खाडीकाठच्या गावात. राखीला आली ती गोणी घेऊन. आत हिरव्या, लांबलचक शेंगा. मी म्हटलं, "अगं, एवढा शेवगा कोण खाणार?"

"वहिनी, हात लावू नका. कांदळाची पोरं आहेत ती."

हे झाड म्हणे नुसतं बी टाकत नाही. बी झाडावरच रुजतं, त्याची ही एवढी शेंग होते, आणि मग ती खालच्या चिखलात पडते. मी म्हटलं, बाळंतपण माहेरीच उरकून पाठवणी करतात, शहाणं झाड आहे.

पण नणंदेला हसू येत नव्हतं. तिच्या भातशेताला खाडीच्या बाजूने मातीचा बांध आहे. त्याच्या पुढचं कांदळवन लोकांनी सरपणाला तोडलं. मग लाटा अडवायला कुणी उरलं नाही, बांध फुटला आणि खारं पाणी भातात शिरलं. तिच्या दिराने शेत कोळंबीच्या तळ्यांसाठी विकायचं काढलं. हिने भांडून मुदत मागून घेतली. बांध पुन्हा घालायचा, पुढे कांदळ लावायचं. पुढच्या पावसाळ्यातलं पहिलं मोठं उधाण रोपांनी सोसलं तर शेत ठेवायचं, नाहीतर विकायचं. शेंगा तशाच लावल्या तर खेकडे कुरतडतात, म्हणून तिला वाढलेली रोपं हवी होती.

"आबा, तेवढी वाढवून द्या. शेवटी शेवटी थोडं खारं पाणी दाखवा, म्हणजे सवय लागेल."

यातलं 'थोडं' आणि 'शेवटी' हे दोन शब्द आबांनी गाळले. आमच्याकडे अख्खा तालुका पाण्यातल्या क्षाराच्या नावाने बोटं मोडतो, आणि आबा जाड्या मिठाची पोती आणायला निघाले. दुकानदाराने विचारलं, "लोणचं घालताय का, आबा?"

"समुद्र करायचाय," आबा म्हणाले.

खड्ड्यात प्लास्टिकचा कागद अंथरून समुद्र झाला, त्यात पिशव्यांत लावलेल्या शेंगा उभ्या राहिल्या. मोटर चालू असेतो टाकीतलं खारं पाणी चढायचं, थांबली की परत उतरायचं. शेजारचा बागाईतदार तावातावाने आला, मीठ झिरपून त्याची बाग जाईल म्हणून. आबांनी त्याला कागदाची कड उचलून दाखवली, चहा पाजला, तेव्हा तो शांत झाला. दुसऱ्या दिवसापासून तोच बांधावरून ओरडू लागला, "आबा, आज भरती कितीला?"

"डीपी जळालाय. आज ओहोटीच."

इतकं होऊनही रोपं वाढली. सरळसोट, तकतकीत पानांची. मग ऑक्टोबर आला. द्राक्षाच्या छाटण्या सुरू झाल्या की आबांच्या हाताला कात्री चिकटते, ती जेवायलाच सुटते. त्यांनी कांदळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "एकच काडी वर चाललीय. शेंडा मारला की कडेनं फुटवा येईल."

"ताईला विचारू या का एकदा?" मी म्हटलं.

"तिला कोनी शिकवलं? म्याच ना?"

निम्म्या रोपांचे शेंडे मारून झाले तेवढ्यात मजूर आले म्हणून आबा बागेत गेले. उरलेली रोपं त्या मजुरांच्या पुण्याईने वाचली. कांदळाला फुटवा-बिटवा काही कळत नाही. शेंडा गेलेली रोपं पिवळी पडली, मग एकेक करून काळी. आबा रोज सकाळी तोंड न धुता तिकडे जायचे आणि मेलेली मोजून परत यायचे. मला त्यांचा रागही आला होता आणि कीवही.

लेकीला फोनवर मात्र सांगायचे, "लय फक्कड हायेत!" मी शेजारी उभी राहून पदर तोंडात कोंबायची.

उन्हाळ्यात टेम्पो भरला तेव्हा निम्मीच रोपं निघाली. आबांनी फोन करून तिलाच झापलं, "तुझ्या बियान्यातच दम नव्हता!" ती बिचारी "बरं" म्हणाली. काळी पडलेली काही रोपंही आबांनी हळूच टेम्पोच्या मागच्या फळीशी ठेवली. मला म्हणाले, "खाडीचं वारं लागलं तर धरतील."

मग पाऊस आला आणि आबांचं लक्ष उडालं. दर पुनवेला, दर अवसेला फोन उशाशी. हवामानाच्या बातम्यांत नाशिकचं नाव आलं तरी ऐकायचे नाहीत, कोकणाचं आलं की सगळ्यांना गप्प करायचे.

फोन आला तेव्हा आबा ओट्यावर चहा पीत होते. मी स्पीकर लावला.

"आबा, उधाण येऊन गेलं. उभी आहेत रोपं! दीर आत्ताच बघून आले. शेत राहिलं आपलं."

मला वाटलं, आता हे गावभर पेढे वाटणार. आबांनी कप खाली ठेवला.

"पोरी, तुझं बी वाईट नव्हतं. म्या शेंडे मारले. निम्मी माझ्या हातानं मेली."

पलीकडे ती हसली. "ठाऊक आहे मला. टेम्पोत पाठवली होती ना, काळी ठिक्कर. वर कात्रीचा काप."

"मंग? फेकली ना?"

"नाही. लावली."

"येडी का काय! मेलेली रोपं कोनी लावतं का?"

"तुमच्या हातची होती, आबा. टाकवेना."

 फोन मात्र आबांनी मला बराच वेळ बंद करू दिला नाही.