एनॉस टॉलिव्हर, करदाता

हार्लन्सबर्गात एनॉस टॉलिव्हरचा चेहरा ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्याचं नाव ठाऊक असलेला मात्र शोधावा लागायचा. कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं, "तो होय, आपला करदाता." सहा वर्षं, रविवार सोडून रोज, 'हार्लन्सबर्ग लँटर्न' या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरच्या चित्रात त्याला कुणी ना कुणी लाथ घालायचं. कधी रेल्वे कंपनी, कधी गॅस कंपनी, कधी नगरसभा. बुटका, टकला, नाकावर चष्मा, मिशी उगवलीय की चिकटवलीय ते कळू नये अशी, आणि कोटाच्या पाठीवर ठळक अक्षरांत 'करदाता'. प्रत्यक्षात हा गृहस्थ मेन स्ट्रीटवर टोप्या विकायचा आणि जन्मात त्याला कुणी लाथ मारली नव्हती. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण गावात यावर कुणाचाच विश्वास नव्हता.

ही सगळी गसची करणी. गस वेंडलँड लँटर्नमध्ये व्यंगचित्रं काढायचा आणि अल्विना हॅस्केलबाईंच्या खाणावळीत, एनॉसच्याच टेबलावर, जेवायचा. त्याच्या कामाची तऱ्हा अशी, की पोलादी पत्र्यावर खडूचा थर, त्यावर सुईनं ओरखडे काढायचे, फुंकर मारून भुकटी उडवायची, आणि पत्रा गेला छपाईचा ठसा ओतायला. एकदा ओरखडा पडला की पडला. खोडणं नाही, पुसणं नाही. त्यामुळे गसनं हातात बसलेलीच माणसं काढायची असं ठरवून टाकलं होतं, आणि हातात बसलेली माणसं म्हणजे रोज संध्याकाळी समोर बसून बटाटे खाणारी.

समोर एनॉस बसायचा, तो करदाता झाला. एनॉसच्या शेजारी होझिया क्रंप. वीज पडू नये म्हणून घरांवर ज्या सळया लावतात त्या हा विकायचा, आणि पोट एवढं पुढे की ताटापर्यंत हात पोचायची मारामार. तो झाला कंपनी. गॅस असो, रेल्वे असो, बर्फ असो, पोट क्रंपचंच. फक्त पोटावरचं नाव बदलायचं. राहता राहिल्या वाढणाऱ्या अल्विनाबाई. उंच, सरळ नाकाच्या, एका नजरेत माणसाला ताट साफ करायला लावणाऱ्या. त्यांना गसनं पांढरा झगा चढवला, डोक्यावर मुकुट ठेवला आणि झग्यावर लिहिलं 'हार्लन्सबर्ग नगरी'. मग रोजचं चित्र एकच. क्रंप नगरीला काखोटीला मारून चाललाय आणि एनॉस त्याच्या बुटाखाली.

गावकरी तरी काय एकेक नग. टोपी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी हळूच विचारायचं, "काल फार लागलं नाही ना?" पाद्रीबुवांनी एका रविवारी तुडवल्या गेलेल्यांसाठी प्रार्थना केली, तर अख्खं देऊळ माना वळवून एनॉसकडे बघायला लागलं. एका बाईंनी तर त्याला घरी केलेलं मलम आणून दिलं. बिचाऱ्यानं तेही घेतलं, नाही म्हणणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

पण एनॉसचं खरं दुखणं वेगळं होतं. अल्विनाबाईंवर त्याचा जीव होता. बाई विधवा, हा ब्रह्मचारी, दोघंही चाळिशी ओलांडलेले, अडचण म्हणून कसली नव्हती. सहा वर्षं तो रोज मनाशी ठरवून यायचा की आज विचारायचंच, आणि बाई समोर आल्या की म्हणायचा, "जरा मीठ देता का?" अहो, विचारणार तरी कोणत्या तोंडानं? जिला दुसऱ्यानं काखोटीला मारलेलं सगळं गाव सकाळी कॉफीबरोबर बघतं, आणि त्याच चित्रात आपलं तोंड चिखलात, तिला संध्याकाळी लग्नाचं विचारायचं म्हणजे आपलंच हसं करून घ्यायचं.

आणि क्रंप? त्याच्या डोक्यात वारं शिरलं होतं. रोज सकाळी पेपरात बाई आपल्या काखेत दिसतात म्हटल्यावर त्याला वाटायला लागलं, की हे जमल्यातच जमा आहे. ऑगस्टातल्या एका सोमवारी बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यानं मक्याच्या पावाला लोणी फासत जाहीर केलं, "येत्या रविवारी मी बाईंना विचारतोय. गावाला तर माहीतच आहे. आता नुसतं तोंडानं म्हणायचं राहिलंय."

एनॉसचा घास घशात अडकला. गसनं त्याच्या पाठीत थोपटलं, तर क्रंप म्हणाला, "जपून रे. आधीच मार खाऊन आलेला असतो तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद ठेवून एनॉस लँटर्नच्या कचेरीत गेला. गस पत्र्यावर वाकून बसला होता.

"गस, एकदा मला जिंकव," एनॉस म्हणाला.

"कुणाशी?"

"क्रंपशी. म्हणजे कंपनीशी. बाईंना खाली उतरव, आणि त्याला एक लाथ घाल. माझ्या पायानं."

गसनं फुंकर मारली. भुकटी त्याच्याच मिशीवर येऊन बसली. "एनॉस, मी जे घडतं ते काढतो. सहा वर्षांत करदाता कुठे जिंकलाय, सांग बघू एक तरी ठिकाण. तू जिंक, मी काढतो."

"मी कुठे जिंकू, बाबा?"

"गुरुवारी नगरसभेत बर्फाचा ठेका यायचाय. भर उन्हाळ्यात भाव दुप्पट करणार आहेत. जा, बोल तिथे."

"मी टोप्या विकतो रे."

"मग विक टोप्या," गस म्हणाला आणि पुन्हा क्रंपच्या पोटाला लागला.

दोन दिवस एनॉसला अन्न गोड लागलं नाही. पण गुरुवारी संध्याकाळी तो गेला. सभागृहात ही गर्दी. खाली सभासद, वर सज्जात बायामाणसं, आणि प्रत्येकाच्या हातात पंखा. बर्फ कंपनीचा माणूस पाऊण तास बोलला. मग अध्यक्षांनी विचारलं, "आणखी कुणाला काही म्हणायचंय?" एनॉस उभा राहिला.

"आपण कोण?"

"एनॉस टॉलिव्हर. टोप्यांचं दुकान आहे माझं."

"बसा खाली," अध्यक्ष म्हणाले. टोप्यांचा बर्फाशी काय संबंध, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

एनॉस बसला. बसल्याबसल्या त्याच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं, त्यामुळे आधी त्याला वाटलं पोटात दुखतंय. मग त्यानं खिशातून एक कोरं कार्ड काढलं, दुकानात टोप्यांवर लावतात तसलं. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं 'करदाता'. कार्ड टोपीच्या पट्टीत खोचलं, टोपी डोक्यावर चढवली आणि तो पुन्हा उभा राहिला.

सज्जातून एकदम हशा उसळला. "अरे, हा तर आपला करदाता." लोक बाकांवर चढून बघायला लागले. नेमके त्याच वेळी एक जाडे सभासद खिडकी उघडायला म्हणून एनॉसच्या मागून निघाले, आणि सगळ्या सभागृहानं श्वास रोखून त्यांच्या बुटाकडे पाहिलं. सभासद जागच्या जागी थबकले. लाजेनं लाल झाले आणि खिडकी न उघडताच परत फिरले.

"हसा," एनॉस म्हणाला. "सहा वर्षं हसताय. मला लाथा बसतायत आणि तुम्ही कॉफी पिताय. अहो, पाठीवर काय लिहिलंय ते कधी वाचलंत का? टॉलिव्हर नाही लिहिलेलं. करदाता लिहिलंय. तो मार तुमचा आहे. मी नुसता तुमच्या जागी उभा राहतो. आणि खरं सांगतो, न बसलेल्या लाथांनीसुद्धा आता माझी कंबर दुखायला लागलीय. बर्फाचा भाव वाढला तर तुमच्या घरचं दूध नासेल, माझ्या चित्रातलं नाही."

हशा हळूहळू थांबला. मग सज्जातून एक म्हातारी म्हणाली, "खरंय की हो." तिच्या मागून आणखी कुणी, आणि बघता बघता सगळा सज्जा पाय आपटायला लागला. नोव्हेंबरात निवडणूक होती. सभासदांनी वर पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि ठेका नामंजूर केला.

एनॉस त्या रात्री टोपी घालूनच झोपला. सकाळी धावत जाऊन त्यानं लँटर्न आणला, आणि कपाळाला हात लावला. करदाता जिंकला होता खरा. एक पाय बर्फाच्या लादीवर, नगरी बाजूला ताठ उभी. पण त्या करदात्याला हे भलंमोठं पोट होतं, पोटावर घड्याळाची साखळी होती आणि तोंडात चिरूट होता. 'करदाता' हे नाव होतं, पण ते वाचतो कोण? सहा वर्षांच्या सवयीनं गावानं पोट पाहिलं आणि समजायचं ते समजून घेतलं. दहा वाजेपर्यंत दुकानात चार जण सांत्वनाला येऊन गेले. "असू द्या हो," बँकेतला कारकून म्हणाला, "या वेळी तर तुम्ही चित्रातसुद्धा उरला नाहीत." तिकडे क्रंप रस्त्यानं अभिनंदनं स्वीकारत चालला होता.

एनॉस तडक गसकडे गेला. गस मान खाली घालून बसला होता.

"हात आपोआप तिकडेच गेला रे," तो म्हणाला. "जिंकणारा म्हटला की माझा हात पोटच काढतो. बारीक माणूस जिंकताना मी कधी पाहिलाच नाही, तर काढू कसा? लक्षात आलं तोवर ओरखडा पडला होता."

रविवार उजाडला. देवळातून आल्यावर सगळे जेवायला बसले. क्रंप फुलांचा गुच्छ घेऊन उभा राहिला, काखेत ते चित्राचं पान. एनॉसला ताटातलं मांस दिसेना, बीट दिसेना, नुसतं क्रंपचं पोट दिसत होतं.

"बाई," क्रंपनं घसा साफ केला, "जे साऱ्या गावाच्या मनात आहे, तेच मी..."

"गावाच्या मनातलं गावाला विचारा," अल्विनाबाई म्हणाल्या. "गुरुवारी मी वर सज्जात होते. तुम्ही कुठे होतात?"

"मी... जेवत होतो."

"ठाऊक आहे. मीच झाकून ठेवून गेले होते. तुमचं माझं जमायचं नाही, क्रंप. बसा."

क्रंप बसला. माणूस वाईट नव्हता. जरा वेळ त्यानं फुलांकडे पाहिलं, मग आणखी बटाटे मागितले.

एनॉसच्या अंगात हत्तीचं बळ आलं. तो गसकडे वळला. "ऐकलंस ना? आता तरी उद्या नीट काढ. मला मी काढ. बाईंच्या शेजारी मला उभा कर, आणि क्रंपला..."

"टॉलिव्हर," बाई म्हणाल्या. त्यांनी रश्श्याचं भांडं टेबलावर आदळलं. "गसला सांगून झालं. नगरसभेला सांगून झालं. साऱ्या गावासमोर टोपीवर पाटी लावून ओरडून झालं. त्या कागदावरच्या बाईसाठी तुम्ही केवढा आटापिटा केलात. मी इथे उभी आहे. मला कधी काही विचारलंत?"

गसचा हात सवयीनं पेन्सिलीकडे गेला. बाईंनी तिकडे न बघताच ती त्याच्या हातातून काढून घेतली.

एनॉस उभा राहिला. गुरुवारी सभागृहात वाटली त्याच्या दहापट भीती त्याला आता वाटत होती. इथे डोक्यावर टोपी नव्हती, कार्ड नव्हतं, आणि बोलायचं होतं ते फक्त स्वतःसाठी.

"अल्विनाबाई," तो म्हणाला, "माझ्याशी लग्न कराल का?"

"करेन," बाई म्हणाल्या. "सहा वर्षांपूर्वी विचारलं असतंत, तरी हेच म्हणाले असते."

एनॉस मटकन खाली बसला आणि सगळ्यांसमोर रडला.