आभाच्या झोपेला चालणारा सायलेन्सर: पुणे ते काचीगुडा आणि परत

टर्बो गाडी घेतली तेव्हाच ठरवलं होतं की एक्झॉस्ट बदलायचा. गाडीत जोर भरपूर, पण आवाज शिलाई मशिनचा! टर्बो स्वतःच बराच आवाज गिळतो आणि उरलेला कंपनीचा सायलेन्सर. बायकोनं, म्हणजे मृणालनं, एकच अट घातली, "आभा झोपली पाहिजे." आभा आमची दीड वर्षांची लेक. घरी तिला झोपवताना आम्ही दोघं मेटाकुटीला येतो, गाडीत मात्र ती हडपसर यायच्या आत गाढ. ती झोप मोडली तर पाइप उतरवायचा आणि हा विषय परत काढायचा नाही, असा करार झाला. मृणालचं माहेर हैदराबादला, काचीगुड्यात. तिथून जवळच नारायणगुड्यात एक चांगलं वर्कशॉप असल्याचं मित्रानं सांगितलं होतं. मग काय, जावई निघाले सासुरवाडीला.

सोलापूरपर्यंत रस्ता झकास. पहाटे निघालात तर उन्हाच्या आत बराच पल्ला गाठता येतो. फास्टॅग आधीच भरून ठेवा आणि लहान मूल असेल तर उमरग्याच्या पुढे डबा सोबत असू द्या. जहीराबादजवळ एका ढाब्यावर वेटरनं मला "पप्पू होना?" असं विचारलं. मी गोंधळून मृणालकडे पाहिलं. पप्पू म्हणजे वरण आणि होना म्हणजे हवंय का, हे तिनं हसून झाल्यावर सांगितलं. वरण उत्तम होतं. आभा एवढा वेळ मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपली होती.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच वर्कशॉपला गेलो. मालक गौसभाई, पन्नाशीचे, अत्तर लावलेले, आणि आवाजाचे माझ्यापेक्षा मोठे शौकीन. त्यांनी आधी चहा पाजला आणि मग विचारलं, "कैसा आवाज होना साब? शेर का होना या बिल्ली का?"

जे वाचक याच फंदात पडणार आहेत त्यांच्यासाठी थोडं कामाचं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लावू नका. तो काढला तर पीयूसी आणि पोलीस, दोघंही तुम्हाला शोधत येतील. त्याच्या मागचा पाइप आणि सायलेन्सर बदलतात, त्याला कॅट-बॅक म्हणतात. टर्बो गाडीला बाहेर पडायची वाट मोकळी मिळाली की ती खुशीत पळते, पण उगाच जाडजूड पाइप घेतलात तर आवाज वाढतो आणि फायदा होत नाही. वॉरंटीचं काय होतं आणि आवाजाची मर्यादा किती, तेही आधी विचारून घ्या. खर्च म्हणाल तर घराच्या एका हप्त्याएवढा आला.

माझ्यापुढे दोन पाइप होते. एक सरळ, दणदणीत. दुसऱ्याच्या मध्ये रेझोनेटर नावाचा डबा, जो आतली घूं-घूं मारतो. गौसभाईंनी दुसऱ्यावर हात ठेवला. "परसों एक मैडम की गाडी में यहीच डाला मैं. पीछू बच्ची सोती थी. अब्बी तक एक शिकायत नै आई."

मी मनात म्हटलं, परवा बसवलेल्या पाइपाची शिकायत आज कशी येईल? आधी महिनाभर चालू तर दे! स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी सरळ पाइप निवडला. खरं सांगायचं तर मला तोच हवा होता, फक्त निमित्त मिळालं.

संध्याकाळी सगळ्यांना घेऊन आउटर रिंग रोडला गेलो. वेग वाढवताना काय आवाज होता! अंगावर काटा आला. मग गाडी एका वेगात धरली आणि आत घुमायला लागलं, टिनाच्या पिंपात डोकं घातल्यासारखं. आभा दचकून उठली आणि परत येताना तारनाक्यापर्यंत, म्हणजे घर जवळ येईपर्यंत, रडत राहिली. पाइप तर जाणारच होता, पण पोर माझ्या हौसेपायी रडत होतं, ते फार लागलं.

जेवताना मी माझी बाजू मांडायला म्हणून ती परसोंची गोष्ट सांगितली. सासूबाईंच्या हातातली वाटी हिंदकळली, इतक्या हसल्या.

"अहो जावईबापू, इथं परसों म्हणजे परवा नसतो! होऊन गेलेलं सगळं परसों. माझं लग्नसुद्धा परसोंच झालं!"

मृणालनं हसता हसता डोळे पुसले. "चल, एक संधी अजून. उद्या मी येते. तू एकटा जाऊ नकोस."

सकाळी तिनं गौसभाईंना सरळ विचारलं, "चाचा, वो मैडम की बच्ची अब कित्ती बडी है?"

"इस्कूल जाती ना अम्मा! सायकल चलाती!"

म्हणजे तो पाइप कित्येक वर्षं बिनतक्रार चालत होता. गौसभाईंनी डबेवाला पाइप चढवला, आणि सरळ पाइप परत घेताना माझ्याकडे पाहून म्हणाले, "शेर नक्को बोला था मैं." खरं तर बोलले नव्हते, पण मी वाद घातला नाही.

परतीला आभा जहीराबादच्या आधीच झोपली. मी रस्त्यापेक्षा आरशातच जास्त बघत होतो. उमरगा गेलं, सोलापूर गेलं, मधे उठून तिनं केळं खाल्लं आणि पुन्हा झोपली. आवाज होता, पण खोल, पोटातून आल्यासारखा, फक्त वेग घेताना ऐकू येणारा. पुण्यात शिरताना मला जाणवलं की आपला आवाज ऐकून रस्त्यावर कुणी वळून बघत नाही, आणि मला त्याचं वाईट वाटत नाहीये.

सोसायटीत गाडी लावली, इंजिन बंद केलं, आणि आभानं खाडकन डोळे उघडले.

"चालू कर, चालू कर," मृणाल कुजबुजली. मी गाडी काढून कॉलनीला एक चक्कर मारली. कोपऱ्यावर येईतो आभाची मान कलली. मी फाटकापाशी वेग कमी केला, तर मृणाल म्हणाली, "अजून एक मार."

"अगं, झोपली ती."

"माहितीये," ती म्हणाली आणि तिनं स्वतःच्या बाजूची काच खाली करून बाहेरच्या आवाजाकडे कान लावला.