शेजारी आणि शिवाय

हे सांगायचं मी पंधरा वर्षं टाळलं. बायकोला सांगितलं नाही. निवृत्तीच्या समारंभात शाल-नारळ घेऊन पाऊण तास बोललो, त्यातही हे आलं नाही. आता सत्तरी ओलांडली. अजून लिहिता येतं.

वर्गात एक मुलगी उभी आहे. नववीतली. शेवटच्या बाकापाशी. सगळ्यांदेखत मी तिला सांगतोय, "यापुढं तू डावा हात वर करायचा. कायम."

वर्ग हसतोय. मीच हसवलाय.

डाव्या हाताचं आधी सांगतो. आष्ट्याजवळच्या एका गावातल्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचो. तपासणीला साहेब येणार असले की आमची एक युक्ती ठरलेली असायची. मुलांना आदल्या दिवशी पढवून ठेवायचं. साहेबांनी काहीही विचारलं तरी सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. साहेबांना वाटायचं, सगळा वर्ग तयार आहे. कुणाला उठवायचं ते आम्हाला कळायचं. डावा हात म्हणजे ढ. साहेब सोडून हे सगळ्यांना ठाऊक.

ती मुलगी आटपाडीकडच्या मेंढपाळाची. बाप दिवाळीनंतर मेंढरं घेऊन आमच्या कृष्णाकाठाला उतरायचा. ती मावशीकडं राहून शिकत होती. शाळा कधी चुकवायची नाही. तिचं नाव लिहीत नाही. तेवढा हक्क मला नाही.

दर शनिवारी पुस्तकांचं कपाट पुसायला मी तिलाच लावायचो. बागायतदारांच्या पोरींना कधी लावलं नाही. आमचंही घर बागायतदाराचं. दोन चुलते फौजेत, बारमाही ऊस, गावात मान. कपाट कुणी पुसायचं याचा विचारही करावा लागत नव्हता.

त्या दिवशी तपासणी होती. फळ्यावर मी दोन शब्द लिहिले. बिसाइड आणि बिसाइड्स. खाली माझा नियम. एकाच्या शेजारी बसलं तर बिसाइड, अनेकांच्या शेजारी बसलं तर बिसाइड्स. शेवटी एस आला की अनेकवचन. हा नियम मला माझ्या गुरुजींनी सांगितला होता. मी का म्हणून विचारलं नाही. न विचारणारा पोरगा म्हणून हुशार ठरलो, वर्गात पहिला आलो, पुढं मास्तर झालो. तीस वर्षं तोच नियम फळ्यावर लिहिला.

साहेब खुर्चीत बसले होते. त्यांनी फळ्याकडं पाहिलं आणि मुलांना विचारलं, या दोन शब्दांत फरक काय?

पन्नास हात वर गेले. मी सरपंचांच्या नातवाला उठवणार, एवढ्यात साहेबांनीच शेवटच्या बाकाकडं बोट केलं. तिचा हात वर होता. उजवा.

ती उठली. फळ्याकडं न बघता बोलली.

"बिसाइड म्हंजे शेजारी. बिसाइड्स म्हंजे शिवाय, त्याखेरीज. माणसं किती हायत याचा काय संबंध न्हाई सर."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "काय सर? ही तर वेगळंच सांगते."

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात शंका आली होती. तिचं बरोबर असेल, असं वाटून गेलं होतं. त्या शंकेवर मी पाय दिला आणि हसून म्हणालो, "मेंढक्याची पोर आहे, साहेब. वर्षातले चार महिने शाळेत, आठ महिने मेंढरांमागं. कानावर पडेल ते बोलते."

हे खोटं होतं. ती वर्षभर यायची. हजेरी मीच मांडत होतो.

साहेबही हसले. त्यांना फरक माहीत होता की नव्हता, मला आजही कळलेलं नाही. चहा आला होता. त्यांनी वहीत "पाठ परिणामकारक" असा शेरा लिहिला आणि उठले. ते गेल्यावर मी तिला पुन्हा उभं केलं आणि ते डाव्या हाताचं वाक्य बोललो.

मधल्या सुट्टीत कपाट उघडलं. वरच्या फळीवर शब्दकोश होता. शाळेनं घेतलेला, पहिल्या पानावर पोच म्हणून माझीच सही. मी तो कधी उघडला नव्हता. उघडला तर थेट त्याच पानावर उघडला. खूण म्हणून तिथं काळ्या लोकरीचा धागा ठेवलेला. कपाट पुसता पुसता ती वाचत होती.

तिचं बरोबर होतं. अक्षरन् अक्षर.

म्हणजे मला तासाभरात कळलं होतं. न कळून झालं, असं म्हणायची सोय मला नाही. मी पुस्तक मिटलं, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. एरवी ती खिळ्याला असायची.

दुसऱ्या दिवशी तासाला प्रश्न विचारला. मुलांचे हात वर झाले. तिचे दोन्ही हात बाकावर, पालथे.

"हात कुठाय तुझा?"

"मला येतंय सर," ती म्हणाली. "डावा वर करणार न्हाई. उजवा तुमी करू देत न्हाई."

वर्गात कुणी हसलं नाही. मला तेच जास्त लागलं.

आमच्याकडं उसाचं खोडवं, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेलं पीक, मोडलं की रानात मेंढरं बसवायची पद्धत आहे. रात्रभर मेंढरं रानात बसतात, जमिनीला खत होतं, मेंढपाळाला ज्वारी मिळते. त्या साली माझ्याच रानात तिच्या बापाची वाघर लागलेली होती. वाघर म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळीचं कुंपण. संध्याकाळी मी रानात गेलो आणि त्याला एवढंच म्हणालो, "पोरगी उलट बोलायला लागली आहे. शाळेत ठेवायची का नाही ते बघावं लागेल."

त्यानं काय झालं ते विचारलं नाही. रान माझं, शाळा माझी. विचारणार कसा?

सकाळी रानात गेलो, तर तो तिला घेऊन माझी वाट बघत थांबला होता. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठाच असेल. फेटा काढून हातात धरलेला.

"गुर्जी, लेकराचं चुकलं. पदरात घ्या. पाया पड गं त्यांच्या."

ती हलली नाही. "आबा, माझं चुकलं न्हाई."

त्यानं हात उगारला. मी एक वाक्य बोललो असतो तर तो हात खाली आला असता. मी घड्याळाकडं पाहिलं. शाळेची वेळ होत होती, असं काहीतरी दाखवायचं होतं मला.

त्यानं तिला मारलं नाही. उगारलेला हात तसाच खाली घेतला आणि स्वतःच वाकला. "तिच्या बदली मी पडतो गुर्जी. तिची साळा तेवढी मोडू नका." त्याचं कपाळ माझ्या चपलांना टेकलं. मागं मेंढरं ओरडत होती.

मी पाय मागं घेतले नाहीत.

तिनं बापाच्या दंडाला धरलं. आवाज चढवला नाही, रडली नाही. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "उठा आबा. मेंढरं उठवा. ह्या रानात ऱ्हायचं न्हाई."

तो लेकीकडं बघत राहिला. मग उठला, फेटा बांधला आणि वाघर सोडायला लागला. ठरलेले सहा मुक्काम अजून बाकी होते. ज्वारी घेतली नाही. मावशीनं तिची पत्र्याची पेटी दुपारी रस्त्यावर पोचवली. त्यानंतर ती शाळेत आली नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरात, शाळा सोडल्याचं कारण लिहायच्या रकान्यात, मी लिहिलं, "पालकांचे स्थलांतर". मेंढपाळाची मुलगी. कुणाला शंका येणार?

निवृत्तीला दोन वर्षं होती. त्या दोन वर्षांत फळ्यावर पुन्हा तोच नियम लिहिला. एकदा बदलला असता तर का बदलला ते सांगावं लागलं असतं.

या दिवाळीनंतर मी आटपाडीकडं गेलो. शोधत शोधत वस्ती सापडली. म्हातारा बाजेवर होता. डोळ्यांनी कमी दिसतं आता. कोण ते सांगितल्यावर धडपडत उठला आणि पुन्हा माझ्या पायाशी वाकायला लागला. मी त्याचे दोन्ही हात धरले. त्याला वाटलं, मास्तर किती नम्र. चहा झाला. पावसाचं, मेंढरांच्या रोगाचं बोलणं झालं. मी लेकीचं विचारलं.

"हाय की कराडच्या बाजूला, तिच्या घरी. पोरगी हाय तिला. तिला सोताच शिकवती. साळंत घालतीया, पर म्हणती, मास्तरनं सांगितलेलं घरी येऊन तपासायचं." तो हसला. "तुमचीच शिकवण गुर्जी."

त्यानं नंबर दिला. तो कागद माझ्या खिशात आहे. तीनदा लावला. दोनदा वाजायच्या आत बंद केला. तिसऱ्यांदा तिनं उचलला, "कोण?" असं विचारलं. तिनं आणखी एकदा विचारलं आणि ठेवून दिला.

गेल्या सोमवारी शाळेत गेलो. आताचे मुख्याध्यापक माझेच विद्यार्थी. रजिस्टरातलं कारण दुरुस्त करायचा अर्ज त्यांच्यासमोर ठेवला. "शिक्षकाने स्वतःची चूक लपवण्यासाठी विद्यार्थिनीचा व तिच्या वडिलांचा अपमान केला, म्हणून शाळा सोडली." त्यांनी दोनदा वाचला. "सर, असं कारण रजिस्टरात बसत नाही. आणि या वयात कशाला उकरून काढता? तुमचं नाव आहे गावात."

नाव आहे, म्हणूनच. अर्ज मी परत घेतला नाही. पोच मागितली आणि पोच मिळेपर्यंत उठलो नाही. दर सोमवारी जाणार आहे. हे सगळं माझ्या नावानं गावच्या वाचनालयात लावणार आहे. मी शिकवलेल्या प्रत्येकानं वाचावं, की तो नियम खोटा होता आणि तो खोटा आहे हे मला माहीत होतं.

तिनं क्षमा करावी म्हणून हे लिहीत नाही. तिनं करू नये.

म्हणायचं होतं ते दोनच वाक्यांचं होतं. पोरी, तुझं बरोबर होतं. माझं चुकलं. ते फोनवर म्हणायचं नव्हतंच. त्या सकाळी त्या रानात म्हणायचं होतं, तिच्या बापाचं कपाळ माझ्या चपलांना टेकायच्या आधी.