दादाचा थांबवलेला गेम

दिवेआगरात मी वादळानंतर आलो. आडवे झालेले माड नि सुपारीच्या पोफळी तोडायला आमच्या जालन्याकडून टोळी आली होती, तिच्यात मी. टोळी परत गेली, मी राहिलो. वाडीचे मालक काका आणि काकू. पर्यटकांना द्यायला त्यांनी वाडीतच खोल्या बांधल्यात. खोल्या झाडणं, शिंपण करणं, ताटं वाढणं माझ्याकडे आलं. आठवीतून शाळा सुटलेल्या माणसाला या घरानं खूप दिलं. म्हणूनच धाकधूक असते. उद्या ‘आता नको’ म्हणाले तर?

दुपारी पाहुणे समुद्रावर गेले की काकू आणि मी ओटीवर सुपारी सोलत बसायचो. काकू बोलायच्या, मी ऐकायचो. तेवढा वेळ आपण कामाला आहोत हे मला आठवायचं नाही.

मग त्यांचा मुलगा पुण्याहून राहायला आला. वयानं आम्ही बरोबरीचे, पण मी त्याला दादा म्हणतो. त्यानं जुना लॅपटॉप बैठकीतल्या टीव्हीला जोडून त्यात एम्युलेटर टाकला. म्हणजे लहानपणी कॅसेट घालून खेळायचं ते गेमचं मशीन आता मिळत नाही ना, तर कॉम्प्युटरनंच त्या मशीनचं सोंग घ्यायचं. सॉफ्टवेअर फुकट. “पावसात पाहुण्यांची पोरं कंटाळतात, त्यांना होईल,” दादा म्हणाला. पोरं राहिली बाजूला, काकूच त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या.

“अगं आई, उडी मार! उडी!”

“मारत्ये रे मेल्या, बटण सापडायला नको?”

ओटीवर मी एकटा सुपारी सोलत होतो आणि आतून ते संगीत येत होतं. तो गेम मला पाठ होता. मामाच्या घरी होतं ते मशीन. पण आमच्याकडे लाइट जायचीच, आणि लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटच्या किल्ल्याचं दार मी लांबून पाहिलं, आत कधी गेलो नाही. दादानं एकदा सहज दाखवलं, “हे बटण दाबलं की आहे तिथं सेव्ह. हे दाबलं की तिथूनच पुढं.” मी मान हलवली. परत ओटीवर येऊन जोरजोरात सुपारी सोलू लागलो.

पुण्याला परतताना दादा गेम किल्ल्याच्या दारात थांबवून गेला. काकूंनी चालू लॅपटॉपवर पंचा टाकला. “हात लावू नकोस हो. बंद पडला तर त्याचा गेम जायचा. लहान होता तेव्हा झाडताना माझ्याकडनं वायर निघाली, जेवला नव्हता पोर.”

“काकू, दादानं सेव्ह केलंय. जात नसतंय आता.”

“तुला काय ठाऊक? राहू दे.”

पुढं एका दुपारी लाइट गेली. काकूंनी पाहुण्यांचे पंखे बंद करून इन्व्हर्टर लॅपटॉपसाठी राखला.

काका ओरडले, “पाहुणे घामानं निथळतायत आणि इन्व्हर्टर कुणाला, तर लेकाच्या गेमला!”

“बंद केलात तर संध्याकाळचं जेवण मागू नका.”

शेवटी इन्व्हर्टरच उतरला. लॅपटॉपची बॅटरी कधीची मेलेली. टीव्ही काळा झाला. “गेला रे,” म्हणत काकू मटकन खाली बसल्या, डोळे भरलेले. माझे इतके गेम गेले, कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आणि याचा तर गेलेलासुद्धा नाही.

लाइट आल्यावर मी लॅपटॉप लावला, ते बटण दाबलं. समोर किल्ल्याचं दार, जसंच्या तसं.

“मग आधी का नाही सांगितलंस?” काकूंनी माझ्या पाठीत धपाटा घातला.

“म्हणलो होतो की, काकू!”

“ते सांगणं होय? बरं, आता आत जाऊन बघ काय आहे.”

“हा दादाचा आहे. मी माझा पहिल्यापासून खेळतो. वेगळा ठेवता येतो.”

तेव्हापासून काकू सुपारीची टोपली घेऊन माझ्याशेजारी बसू लागल्या. मी खेळायचो, त्या सोलायच्या, गेम थांबवला की टोपली माझ्याकडे. किल्ल्यात शिरलो तेव्हा काकूंनी पुण्याला व्हिडिओ कॉलच लावला. “हा बघ, आपला. भलताच खेळतो हो.”

‘आपला’ म्हणाल्या. दादा हसला. “अरे, मग तुझ्या मोबाइलवरच टाकून देतो की. फुकट तर आहे. तुझ्या खोलीत बसून निवांत खेळ.”

चांगल्या मनानंच म्हणाला तो. मी मात्र घाईनं बोललो.

“नको दादा. माझा मोबाइल लहान पडतो.”

मोबाइल चांगला मोठा आहे. पण मी खोलीत खेळलो तर काकू टोपली घेऊन कुणाजवळ बसतील? गणपतीला दादा येईल, तेव्हा ती खुर्ची त्याचीच. तोवर किल्ल्यातल्या शेवटच्या राक्षसाला मी मारत नाही; तो मेला की गेम संपतो. त्याच्यासमोर जातो, सेव्ह करतो, एकदोनदा मुद्दाम मरतो आणि म्हणतो, “आज नाही जमलं काकू, उद्या बघू.”