वन्संचं पुणं

आमच्या वन्संसमोर एखादा धडधाकट माणूस थोडा वेळ जरी बसला, तरी आपल्याला काहीतरी गंभीर झालं आहे आणि घरच्यांनी ते आपल्यापासून लपवून ठेवलं आहे, अशी त्याची खात्री पटे. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. लोणावळ्याला वलवणच्या बाजूस आमचं बिऱ्हाड होतं. यजमान रेल्वेच्या शेडमध्ये, मी मुलींच्या शाळेत शिकवायला, आणि घरात सासूबाई. लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा होऊन वन्सं आमच्याकडे आल्या होत्या आणि गावाबाहेरच्या क्षयाच्या इस्पितळात दिवसपाळीला मदतनीस नर्स म्हणून जात होत्या. दारात कोणी उभं राहिलं की त्या आधी त्याची नखं बघत, मग डोळ्याची खालची पापणी ओढून बघत, आणि मगच "या, बसा" म्हणत. एकदा जमिनीच्या मोजणीसाठी सरकारी माणूस आला, तर त्याला त्यांनी उंबऱ्यातच "जीभ काढा" म्हटलं. तो बिचारा कोट-टोपीसकट जीभ काढून उभा राहिला. "पोट साफ न्हाई तुमचं. मोजणी उद्या करा, आज ताक प्या," असं सांगून त्यांनी त्याला वाटेला लावलं, आणि त्यानं मोजणी खरोखरच दुसऱ्या दिवशी केली.

आजारी माणसाला न उठवता त्याच्या अंगाखालची चादर बदलायची, ही इस्पितळातली विद्या त्यांना इतकी आवडली की ती त्या घरी आणत. रातपाळी करून आलेले यजमान दुपारी झोपले की वन्सं त्यांना हळूच एका कुशीवर वळवत, जुनी चादर गुंडाळत आणत, नवी पसरत, मग त्यांना दुसऱ्या कुशीवर वळवत. यजमान दाराकडे तोंड करून झोपत आणि भिंतीकडे तोंड करून जागे होत. चादरीच्या कडा गादीखाली अशा घट्ट खोचलेल्या असत की बाहेर पडायला कोणाची तरी मदत लागे. सासूबाई एकदा आतून ओरडल्या, "अगं पोरी, मला जित्तेपनीच बांधतीस व्हय? चौघं तरी येऊ दे!" वन्संनी शांतपणे उरलेली कड खोचली आणि म्हणाल्या, "हालू नगं आये. वळ्या पडत्यात."

मेला हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. "आज खाट रिकामी झाली," असं त्या म्हणत. आमची म्हैस गेली तेव्हा शेजारणीला त्यांनी हेच सांगितलं, आणि शेजारीण कितीतरी वेळ घरातली माणसं डोळ्यांनी मोजत राहिली. त्या इस्पितळात खाटा फार रिकाम्या होत. वन्सं ती खाट फिनेलनं धूत, उन्हात काढत, हात कोपरापर्यंत साबणानं घासत आणि मग भाकरीचं फडकं सोडून जेवत. या शांतपणाची मला पहिल्या पहिल्यांदा भीती वाटे. पुढे कळलं की तो शांतपणा नव्हता, ती शिस्त होती. तशी एखादी खाट रिकामी झाली की घरी आल्यावर त्या आमच्या सगळ्या चादरी बदलत.

आणि पाणी. आमच्या घरी आलेल्या माणसाला पाणी न पिता जाता येत नसे. दूधवाला, पोस्टमन, वाट चुकलेला कोणी कुसगावकर, सगळ्यांच्या हातात वन्सं तांब्या देत आणि रिकामा होईपर्यंत समोर उभ्या राहत. मला याचं हसू यायचं. एकदा तांदूळ निवडताना मी गमतीनं म्हटलं, "वन्सं, तुम्ही लोकांना बुडवाल एक दिवस." त्यांनी सुपातून मान वर केली नाही. म्हणाल्या, "वैनी, माझ्या मालकांना ताप भरला तवा समद्यांनी सांगितलं, तापकऱ्याला पानी द्यायचं न्हाई. ते मागत व्हते. माठ हितं, खाट तितं. मी दिलं न्हाई." मग एक खडा बाजूला काढून त्या म्हणाल्या, "दवाखान्यात गेल्यावर पयल्याच दिवशी शिकवलं, तापात पानी द्यायचं. पयल्याच दिवशी."

मी नंतर कधी त्यांच्या पाण्याला हसले नाही. त्यांना नर्सच का व्हायचं होतं, तेही मग विचारावं लागलं नाही. मात्र मदतनीस नर्स ही त्यांच्या मनात नुसती पायरी होती. काही वर्षं हे काम केलं, मोडकंतोडकं इंग्रजी आलं आणि मेट्रनबाईंनी शिफारस केली, तर पुण्याच्या मोठ्या इस्पितळात तीन वर्षांच्या शिक्षणाला घेत. ते पुरं केलं की माणूस पक्की नर्स होई, सरकारदरबारी नाव लागे, सुई टोचायचा आणि रात्रीचा वॉर्ड एकटीनं सांभाळायचा अधिकार मिळे. अट एवढीच की वय तिशीच्या आत हवं. वन्संकडे वेळ थोडा होता. आळीतल्या बायका त्यांना चिडवत, "काय गं आर्ध्या नरसबाई, कुटं निगालात?" वन्सं पदर सावरत चालता चालताच उत्तर देत, "उरलेली आर्धी पुण्याला हाय. आनायला जानार हाय."

इंग्रजीची शिकवणी माझ्याकडे होती. माझी स्वतःची इंग्रजी चौथी झालेली, म्हणजे आंधळ्यानं आंधळ्याला हात धरून चालवण्यासारखा प्रकार. पण वन्संना व्याकरण नको होतं, हाडं हवी होती. मेट्रनबाईंनी दिलेल्या फाटक्या पुस्तकातून मी नाव वाचायचं आणि वन्संनी ते हाड सासूबाईंच्या अंगावर शोधायचं, अशी आमची पद्धत. सासूबाई वाळलेल्या, त्यामुळे हाडं लवकर सापडत. "माझ्या हाडांना नावं ठेवतीस, ती पन विंग्रजीत?" असं करवादत त्या पाय मात्र पुढे करत. खांद्यापासून घोट्यापर्यंत सासूबाई एका पावसाळ्यात पाठ झाल्या. मेट्रनबाई ख्रिस्ती, कडक, कमी बोलणाऱ्या. त्यांनीही परीक्षा घेऊन मान हलवली. शिफारस पुढच्या महिन्यात जाणार होती.

त्याच सुमारास नाणे मावळातल्या एका घरची तरुण सून त्यांच्या वॉर्डात होती. तिच्या घरचं माणूस महिनोन्‌महिने फिरकत नसे, आणि आलं तरी दाराशी उभं राहून परत जाई. घामानं तिचं कुंकू सारखं पुसलं जाई आणि जवळ आरसा नसे. ती वन्संना सांगून ठेवायची, "बाई, मला भुंड्या कपाळानं जाऊ देऊ नगा." एका दुपारी ती गेली. निरोप धाडला होता, माणसं यायला संध्याकाळ होणार होती. आमच्याकडची रीत अशी की सवाष्ण गेली तर तिला कुंकू लावून, चुडा भरून धाडायची, आणि ते सवाष्णीनंच करायचं. विधवेनं त्या वेळी जवळसुद्धा उभं राहायचं नसतं. वन्सं आधी सवाष्ण शोधत फिरल्या. रोग्यांना भेटायला आलेल्या दोघी-तिघी पदर आवरून निघून गेल्या. वॉर्डातली एक आया सवाष्ण होती, ती तोंडाला पदर लावून दारातून आत येईना. शेवटी वन्संनी त्या मुलीच्याच ट्रंकेतून करंडा काढला आणि स्वतः कुंकू लावलं. इतक्या वर्षांनी बोट कुंकवात बुडवलेलं, सवय मोडलेली. कुंकू जरा मोठंच झालं, असं त्या मला म्हणाल्या.

संध्याकाळी माणसं आली. मळवट भरल्यासारखं कपाळ बघून सासू रडली, समाधान पावून घेऊन गेली. एवढ्यावर हे संपलं असतं. पण माणसं रीतीची. तेरा दिवस झाल्यावर सासू आणि नवरा खण-नारळ घेऊन इस्पितळात आले. परक्या ठिकाणी आपल्या सुनेला सवाष्णीसारखं धाडलं त्या बाईची ओटी भरायची म्हणाले. "कुटं हाय ती माउली?" म्हणून सासूनं विचारलं, आणि वन्सं पुढे झाल्या. "मी लावलं."

सासूनं त्यांच्या कपाळाकडे बघितलं.

मग जे व्हायचं ते झालं. नवऱ्याचं दुसरं लग्न ठरत आलं होतं. रांडवेच्या हातचं कुंकू लेवून गेलेली पहिली आता सुखानं बसू देईल का, म्हणून तो ओरडला. सासूनं कपाळ बडवून घेतलं. गडबडीत नारळ मात्र ते परत न्यायला विसरले. वन्संनी तो फोडून वॉर्डात खोबरं वाटलं.

तक्रार इस्पितळाच्या कमिटीपर्यंत गेली. मेट्रनबाईंनी वन्संना खोलीत बोलावलं. "हे बघ, त्या आयेनं लावलं, असं कमिटीला सांग. तू लोकांसमोर घाबरून भलतंच बोललीस म्हणू. मी पुढचं बघते."

"तिचं नाव घेतलं तर तिला घरात कोन घेईल, बाई? क्षयाच्या मढ्याला शिवली म्हनतील. तिची ल्हान ल्हान पोरं हायेत."

"आणि तुझं पुणं?"

मेट्रनबाईंनी तीन-तीनदा विचारलं, पण वन्संनी त्या आयेचं नाव पुढे केलं नाही. त्या वर्षी शिफारस गेली नाही, आणि पुढच्या वर्षी वन्संचं वय बसेना.

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी सगळ्या चादरी बदलल्या, सासूबाईंच्या अंगाखालचीही. सासूबाई पहिल्यांदाच सांगितलं तशा कुशीवर झाल्या. "वैनी, आता विंग्रजी नगं," एवढंच वन्सं म्हणाल्या. मी पुस्तक फळीवर ठेवून दिलं. पुढे आठवडाभरानं मी भाकऱ्या थापत असताना त्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "त्या गुडघ्याच्या वाटीला काय म्हनत्यात?" मी सांगितलं. त्यांनी तो शब्द दोनदा पुटपुटला आणि पाणी भरायला गेल्या.

त्यानंतर कितीतरी वर्षं त्या मदतनीसच राहिल्या. हाताखालून मुली यायच्या, शिकायच्या आणि शिफारस घेऊन पुण्याला जायच्या. वन्सं त्यांना स्टेशनवर पोचवायला जात आणि गाडी हलता हलता खिडकीतून त्यांच्या पापण्या ओढून बघत. मग त्यांना स्वतःला खोकला सुरू झाला. कसला, ते त्यांना आमच्याआधी कळलं. त्यांनी घरातली आपली भांडी वेगळी केली, आपल्याच वॉर्डात खाट मागून घेतली आणि स्वतःच्या पायांनी चालत तिथे गेल्या.

रोगी म्हणून वन्संना सांभाळणं अवघड होतं. झोपल्या झोपल्या त्या आपली चादर आपणच खोचत आणि शेजारच्या बायकांना जीभ काढायला लावत. त्यांच्या खाटेकडे बघायला पुण्याहून नुकतीच पक्की होऊन आलेली एक नर्स होती, तळेगावची, जेमतेम चोवीस-पंचवीसची. तिला पहिल्याच दिवशी वन्संनी विचारलं, "तितं पयल्या दिवशी काय शिकवत्यात?" तिनं गंमत म्हणून सांगितलं. "आन् दुसऱ्या?" तेव्हापासून ती रोज दुपारी आपल्या सुट्टीच्या वेळात स्टूल ओढून तिथे बसायची आणि पुण्याचं तीन वर्षांचं शिक्षण जसंच्या तसं, क्रमानं, थोडं थोडं सांगायची. वन्सं डोळे मिटून ऐकत. मी भेटायला गेले की हात वर करून मला थांबवत, तेवढा धडा पुरा होऊ देत. आवाज बसला तेव्हा त्या बोटांनी खुणा करून प्रश्न विचारत.

त्या गेल्या त्याला आता दोन पावसाळे झाले. त्या वेळी त्यांचं सामान आणायला मी गेले, तर ती तळेगावची मुलगी स्टुलावरच बसली होती. मी विचारलं, "कुठवर आलं होतं तुमचं?"

"तिसऱ्या वर्षात होतो," ती म्हणाली. "लहान मुलांचे आजार तेवढे राहिले." आणि सामान माझ्या हातात देत म्हणाली, "मीच मुद्दाम सावकाश सांगत होते."