ओमनक्कुट्टनचा न हलणारा नकाशा

गेल्या महिन्यात आमच्या कालव्याकाठी बातमी उठली, की ओमनक्कुट्टनने आभाळात कॅमेरा टांगलाय आणि कुणाच्या अंगणात काय वाळत घातलंय ते त्याला घरबसल्या दिसतं. दोन दिवस बायकांनी कपडे घरातच वाळवले. ही बातमी मी पसरवली असं काही लोक म्हणतात. मी ती फक्त चहाच्या टपरीवर सांगितली होती.

खरी गोष्ट साधी आहे. ओमनक्कुट्टन आमच्या भातशेती समितीचा कारकून. केरळातल्या कुट्टनाडातली आमची शेतं समुद्रापेक्षा खाली. पेरणीला पाणी उपसावं लागतं, आणि जादा पंप एकच. तो आधी कुणाकडे जायचा हे कॉम्प्युटरवरच्या नकाशावरून ठरतं. पाणी जितकं खोल, तितका निळा गडद. पण हा नकाशा बोटाने सरकतो, मोठा होतो. बैठकीत जो तो नकाशा आपल्या शेतावर ओढायचा आणि एवढा फुगवायचा, की पडदाभर त्याचंच दुःख दिसे.

शेवटी पन्नाशीतला ओमनक्कुट्टन कोड लिहायला शिकला. आता सकाळी सहाला कोड आपणहून नकाशा उघडतो, ठरल्या जागी, ठरल्या आकारात आणतो, चित्र टिपतो आणि छापतो. कागद काही कुणाला ओढता येत नाही.

पहिल्याच दिवशी कागदावर नुसते राखाडी चौकोन आले. समितीने ते गंभीरपणे पाहिले. अध्यक्ष वर्कीच्चनने एकावर बोट ठेवलं. "हे माझं शेत. बघा किती गडद."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली, चष्मा घरी राहिला होता.

"वर्कीच्चन चेट्टा, यात काहीच नाहीये," ओमनक्कुट्टन म्हणाला. "नकाशा भरायच्या आतच कोडने चित्र टिपलं."

"तुझा नंबर लागला नाही, म्हणून कागद कोरा होय रे?" वर्कीच्चन म्हणाला.

ओमनक्कुट्टनचंही शेत पाण्याखाली होतं, बी नुकतंच पेरलेलं. दोन दिवसांत पंप आला नाही तर ते कुजणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी पंप वर्कीच्चनकडे गेला. दुपारपर्यंत तिथे चिखल वर यायला लागला.

संध्याकाळी ओमनक्कुट्टनने कोडला थांबायला शिकवलं: सगळे चौकोन भरल्याशिवाय चित्र टिपायचं नाही. दुसऱ्या सकाळी कागदावर वर्कीच्चनचं शेत जवळजवळ पांढरं आणि ओमनक्कुट्टनचं काळंनिळं. या वेळी मी चष्मा लावून मान हलवली. पंप होडीत चढला.

दोर सोडता सोडता वर्कीच्चन कुरकुरला, "काल तुझा कोड कसा झटपट होता. आज त्याला उगाच थांबवलंस."

ओमनक्कुट्टन म्हणाला, "आधी बघ, मग दाखव, एवढं कोडला शिकवायला मला दोन ओळी लागल्या, चेट्टा. समितीसाठी किती लागतील त्याचा अंदाज अजून येत नाहीये."